जेटमधून हॅड्रॉन कसे बनतात ते लॅपटॉपवर चालवून बघायचंय? पायथिया घेऊन पहिल्यापासून

पार्टिकल फिजिक्सच्या प्रोजेक्टला नव्याने आलेली बरीच मुलंमुली पहिल्याच आठवड्यात पायथिया (कणांच्या टक्करी संगणकावर घडवणारा प्रोग्रॅम) घेऊन एलएचसीचे (सर्नचं प्रोटॉन एकमेकांवर आपटवणारं यंत्र) 13 टीईव्हीचे इव्हेंट, म्हणजे एकेक टक्कर, तयार करायला घेतात, आणि मग समोर हजारभर कणांची यादी येते, त्यात कुठला कण कुठून आला काही पत्ता लागत नाही, मग कोणाचा तरी जुना कोड घेऊन हिस्टोग्राम काढतात आणि तिथेच थांबतात. हिस्टोग्राम बरोबर आला तरी क्वार्कचा हॅड्रॉन (क्वार्क मिळून बनलेला कण, जसा प्रोटॉन किंवा पायॉन) नेमका कुठल्या पायरीवर झाला हे विचारलं की गाडी अडते. म्हणून मी ज्यांना शिकवतो त्यांना सरळ सांगतो, एलएचसी बाजूला ठेवा, आधी लेपचे इव्हेंट करा. लेप म्हणजे जिनिव्हाजवळ सर्नच्या त्याच 27 किलोमीटरच्या बोगद्यात 1989 ते 2000 चाललेलं इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचं यंत्र. तिथे 91.2 जीईव्हीला झेड बोसॉन तयार व्हायचा, तो साधारण 70 टक्के वेळा क्वार्क-प्रतिक्वार्कच्या जोडीत मोडायचा, आणि त्या जोडीतून दोन (कधी तीन, कधी चार) जेट, म्हणजे एकाच दिशेने जाणारे कणांचे झोत, निघायचे. प्रोटॉन नाही त्यामुळे प्रोटॉनच्या आतला कचरा नाही, सुरुवातीची एनर्जी नक्की माहीत, आणि शेवटी दिसतं ते सगळं त्या एका जोडीतूनच आलेलं. हॅड्रॉन बनण्याचा अभ्यास करायला यापेक्षा स्वच्छ जागा मला तरी माहीत नाही. आणि आपलं याच्याशी नातंही आहे, लेपवरच्या चार प्रयोगांपैकी एल-3 मधे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, होती.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. क्वार्क आणि ग्लुऑन (दोघांना मिळून पार्टॉन म्हणतात) एकमेकांतून फुटत जातात तो भाग, म्हणजे पार्टॉन शॉवर, हा क्वांटम क्रोमोडायनॅमिक्समधून (क्वार्क-ग्लुऑनमधल्या बलाचा सिद्धांत) गणिताने काढता येतो. पण एनर्जी साधारण 1 जीईव्हीच्या आसपास आली की कपलिंग, म्हणजे त्या बलाची ताकद, इतकं मोठं होतं की ते गणित चालत नाही, आणि तिथून पुढे क्वार्कचे पायॉन, केऑन, प्रोटॉन कसे होतात ते कोणीही मूळ समीकरणातून काढून दाखवलेलं नाही. तिथे मॉडेल लागतं. मॉडेलला बटणं असतात, बटणं मोजमापाशी जुळवून बसवावी लागतात. या लेखातली सगळी खटपट त्या बटणांना अर्थ यावा म्हणून आहे.

मॉडेल काय म्हणतं

पायथियातलं मॉडेल लुंडचं, म्हणजे स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या अँडरसन, गुस्टाफसन, शोस्ट्रँड वगैरे मंडळींनी 1970 च्या दशकाच्या शेवटापासून बांधत आणलेलं. क्वार्क आणि प्रतिक्वार्क लांब जायला लागले की त्यांच्यामधलं रंगाचं (क्वार्कवरच्या या बलाच्या भाराला रंग म्हणतात) फील्ड चहूकडे पसरत नाही, एका बारीक नळीत गोळा होतं, तिला स्ट्रिंग म्हणायचं. पुष्कळ ठिकाणी हिला रबरबँड म्हणतात, ते मला पटत नाही, कारण रबर जितकं ताणाल तितका ओढ वाढत जातो आणि स्ट्रिंगचा ओढ लांबी कितीही असली तरी तेवढाच. विहिरीतून बादली ओढताना हातावरचं वजन बदलत नाही, पण दर वावेला तेवढीच मेहनत पडते, स्ट्रिंगचं तसं आहे. आकडा आहे साधारण 1 जीईव्ही दर फेमटोमीटरला. रोजच्या हिशेबात मांडला तर तो 16 टन वजनाएवढा ओढ होतो, म्हणजे एका प्रोटॉनएवढ्या लांबीच्या नळीत दोन ॲक्सलच्या भरलेल्या ट्रकचं वजन.

लांबी वाढली की एनर्जी साठते, आणि पुरेशी साठली की मधेच नवीन क्वार्क-प्रतिक्वार्कची जोडी फुटून बाहेर येते, स्ट्रिंग तुटते. ही जोडी टनेलिंगने (क्वांटम नियमांमुळे एनर्जीचा अडथळा पार करून) येते, त्यामुळे क्वार्क जड असला की शक्यता घातांकाने पडते. अप आणि डाऊन सारख्याच प्रमाणात, स्ट्रेंज त्याच्या साधारण पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्यात, आणि चार्म तर जवळजवळ शून्य, दहाचा उणे अकरावा घात म्हणतात. म्हणजे जेटमधे चार्म दिसला तर तो पहिल्या टक्करीतून किंवा शॉवरमधून आलाय, स्ट्रिंग तुटून नाही. हे वाक्य पाठ असू द्या, पुढे फार वेळा लागतं.

ग्लुऑन या स्ट्रिंगवरची गाठ आहे. क्वार्ककडून स्ट्रिंग निघते, ग्लुऑनपाशी वळते आणि प्रतिक्वार्ककडे जाते. या वळणाचा पुरावा 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला हॅम्बुर्गच्या पेट्रा यंत्रावर जेड प्रयोगाने दिला. तीन जेटच्या इव्हेंटमधे क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या थेट मधल्या जागेत कण कमी आढळले, कारण तिथे स्ट्रिंगच नाही, ती ग्लुऑनच्या बाजूने वळून गेलीय.

आधी स्वतःची स्ट्रिंग तोडा

पायथिया बसवायच्या आधी एक दिवस द्या आणि पायथनमधे स्वतः एक छोटी स्ट्रिंग तोडा, ग्लुऑन नाही, फक्त पायॉन. चाळीस ओळींत होतं. हा टप्पा बरेच जण वगळतात, आणि नंतर बटणं फिरवताना अंधारात चाचपडतात.

स्ट्रिंगकडे दोन आकडे ठेवा, प्लस आणि मायनस, म्हणजे एनर्जी अधिक अक्षावरचा संवेग आणि एनर्जी वजा अक्षावरचा संवेग. सुरुवातीला दोन्ही 91.2. दर पायरीला नाणं उडवून प्लसचं किंवा मायनसचं टोक निवडा. नवीन जोडीला आडवा (स्ट्रिंगच्या अक्षाला काटकोनातला) संवेग द्या, गाऊसियन वाटपाने. मग झेड नावाचा अपूर्णांक (झेड बोसॉनशी याचा संबंध नाही) निवडा, त्या टोकाच्या प्लसपैकी किती भाग हा हॅड्रॉन घेऊन जाणार तो. झेडचं वाटप तीन तुकड्यांचा गुणाकार आहे: एक भागिले झेड, एक वजा झेड याचा ए-वा घात, आणि ई चा उणे घात ज्यात बी गुणिले आडव्या वस्तुमानाचा वर्ग भागिले झेड. ए आणि बी ही मॉडेलची दोन बटणं, आणि आडव्या वस्तुमानाचा वर्ग म्हणजे वस्तुमानाचा वर्ग अधिक आडव्या संवेगाचा वर्ग.

एक पायरी हाताने करून बघू. समजा पायॉन निघाला, आडवा संवेग 0.4 जीईव्ही. वस्तुमान 0.14, म्हणून आडव्या वस्तुमानाचा वर्ग 0.0196 अधिक 0.16, म्हणजे 0.18. समजा झेड आला 0.3. पायॉनचा प्लस झाला 0.3 गुणिले 91.2, म्हणजे 27.36. त्याचा मायनस मोकळेपणाने निवडता येत नाही, तो वस्तुमानाने बांधलेला, 0.18 भागिले 27.36 म्हणजे 0.0066. पायॉनची एनर्जी या दोघांच्या बेरजेच्या निम्मी, 13.68 जीईव्ही. उरलेल्या स्ट्रिंगचा प्लस 63.84 आणि मायनस 91.193, दोघांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की उरलेलं वस्तुमान 76.3 जीईव्ही. पुढची पायरी या 76.3 च्या स्ट्रिंगवर. असं करत करत वस्तुमान 2 जीईव्हीच्या आसपास आलं की थांबा आणि उरलेल्या तुकड्याला दोन हॅड्रॉनमधे मोडा, नाहीतर शेवटी एनर्जीचा ताळा जुळणार नाही. (आडवा संवेग नुसता पायॉनला देऊन मोकळं व्हायचं नाही, तुटल्या जागी क्वार्कला जितका दिला तितकाच उलटा प्रतिक्वार्कला द्यायचा, आणि तो पुढच्या हॅड्रॉनमधे जातो. वरच्या उरलेल्या वस्तुमानात तो मी धरला नाहीये, कोडमधे धरा.)

झेड निवडायला साधी नाकारण्याची पद्धत पुरते, फंक्शनची कमाल किंमत काढून ठेवा, एक झेड उचला, दुसरा रँडम आकडा फंक्शनच्या खाली पडला तर ठेवा नाहीतर फेका. ए 0.68 आणि बी 0.98 घेतलं तर आपल्या पायॉनसाठी शिखर झेड 0.16 च्या जवळ येतं, आणि प्रोटॉनएवढा जड कण, आडव्या वस्तुमानाचा वर्ग साधारण 1.04, घेतला तर शिखर 0.55 ला सरकतं. जड कण मोठा घास घेतो. ही एक गोष्ट स्वतः काढून बघितली की जेटमधे पुढेपुढे जड कणांचं प्रमाण का वाढतं ते कोणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

आता दोन चाचण्या. पहिली, नाणं न उडवता सगळे हॅड्रॉन एकाच टोकाने तोडा आणि रॅपिडिटीचं (प्लस भागिले मायनस याच्या लॉगरिदमचं निम्मं) वाटप आधीच्याशी ताडून बघा. शेवटचा जोड सोडला तर दोन्ही सारखे यायला पाहिजेत. झेडच्या फंक्शनला तो चमत्कारिक दिसणारा आकार मुळात यासाठीच आहे, डावीकडून मोजलं काय नि उजवीकडून मोजलं काय, निसर्गाला फरक पडता कामा नये, आणि ही अट घातली की फंक्शन जवळजवळ आपोआपच ठरतं. मी पहिल्यांदा हे दोन हिस्टोग्राम एकावर एक पडलेले बघितले तेव्हा खूप वेळ ते पानच उघडं ठेवलं होतं. दुसरी चाचणी, एनर्जी 10, 30, 91.2 अशी बदला आणि पायॉनची सरासरी संख्या काढा. ती एनर्जीच्या लॉगरिदमने सरळ रेषेत वाढेल. खरं मोजमाप यापेक्षा वेगाने वाढतं, पेट्राला 35 जीईव्हीच्या जवळ विद्युतभारित कण सरासरी साडेतेरा, लेपला 91 ला जवळजवळ 21, आणि लेपच्या शेवटच्या वर्षांत 200 ला 27-28 च्या घरात. तुमच्या खेळण्यातल्या स्ट्रिंगला ग्लुऑन नाहीत, फरक तिथून येतो.

पायथिया बसवणं

यावर फार लिहीत नाही. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएलमधे उबुंटू टाका, उगाच दुसऱ्या वाटा शोधू नका. कोंडा वापरत असाल तर कोंडा-फोर्ज चॅनेलवर पायथिया 8 तयार मिळतं. सोर्स घेऊन कॉन्फिगर आणि मेक केलं तरी ते बाकी कशावर फारसं अवलंबून नसल्यामुळे सरळ बसतं. हमखास येणारी अडचण एकच, पायथिया सुरू होताना स्वतःच्या एक्सएमएल फाइली शोधतं आणि मशीनवर दोन व्हर्जन असतील तर जुन्याच्या फाइली उचलून व्हर्जन जुळत नाही म्हणून बंद पडतं. तेव्हा पायथिया-8-डेटा नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कुठे बोट दाखवतोय ते बघा.

सेटिंगची नावं मी इथे उच्चाराने लिहितोय, मॅन्युअलमधे त्याच नावाने शोधली की सापडतात. बीम्स गटात आयडी-ए 11, आयडी-बी वजा 11 (इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन), ई-सीएम 91.2. पीडीएफ गटात लेप्टॉन बंद करा, म्हणजे इलेक्ट्रॉन आधीच फोटॉन सोडून एनर्जी घालवणार नाही. वीक-सिंगल-बोसॉन गटातून फर्मिऑन जोडीतून फोटॉन किंवा झेड बनवणारी प्रोसेस चालू करा. मग झेडचा नंबर 23, त्याचे सगळे डिके (मोडण्याचे प्रकार) आधी ऑन-मोडने बंद करा आणि ऑन-इफ-एनीने 1 2 3 4 5 एवढे क्वार्क चालू करा. टॉप झेडपेक्षा जड, तो येतच नाही.

आता सीड, म्हणजे रँडम आकड्यांची मालिका जिथून सुरू होते तो आकडा. पायथिया सांगितल्याशिवाय सीड बदलत नाही, दर वेळी त्याच ठरलेल्या आकड्याने सुरू होतं. चूक शोधताना हे सोयीचं आहे, पण एकाच वेळी अनेक जॉब लावलेत तर घातक. मी एकदा आठ जॉब लावून रात्रभर चालवले, सकाळी सगळे एकत्र केले, एरर बार इतके लहान आले की आनंद झाला, आणि नंतर लक्षात आलं की आठही फाइलींमधे तेच ते इव्हेंट होते, ओळीला ओळ सारखी. तेव्हापासून दर जॉबला वेगळा सीड आणि फाइलच्या नावातच सीड, हा नियम मोडत नाही.

हिस्टोग्रामच्या आधी एक इव्हेंट वाचा

पहिला रन एकाच इव्हेंटचा. यादी छापा, कागदावर प्रिंट घेतलीत तर अजून चांगलं, पेन घेऊन बसा. दर ओळीत कणाचा नंबर, स्टेटस, आई, मुलं, रंगाचे दोन खाने आणि संवेग. स्टेटस पॉझिटिव्ह म्हणजे कण शेवटपर्यंत टिकला, निगेटिव्ह म्हणजे पुढे मोडला किंवा बदलला. आकडा किती त्यावरून टप्पा कळतो: विशीतले मूळ टक्करीचे, पन्नाशीतले शॉवरचे, सत्तरीतले हॅड्रॉन बनायच्या आधी गोळा केलेले पार्टॉन, ऐंशीतले स्ट्रिंगमधून थेट निघालेले हॅड्रॉन, नव्वदीतले त्यांच्या डिकेतून आलेले.

वजा 71 च्या ओळींपाशी थांबा. रंगाचे खाने बघा. समजा क्वार्ककडे रंग 102 आणि प्रतिरंग 0, ग्लुऑनकडे रंग 101 आणि प्रतिरंग 102, प्रतिक्वार्ककडे रंग 0 आणि प्रतिरंग 101. 102 ला 102 जोडा, 101 ला 101 जोडा, डॉमिनोच्या सोंगट्या लावतो तसं, आणि क्वार्क-ग्लुऑन-प्रतिक्वार्क अशी स्ट्रिंग तुमच्या डोळ्यांसमोर उभी राहते. खऱ्या इव्हेंटमधे ग्लुऑन बरेच असतात, साखळी लांब होते, पण रीत तीच. एखाद्या ग्लुऑनची क्वार्क-प्रतिक्वार्क जोडी झाली असेल तर एकाच्या दोन स्ट्रिंग होतात, तेही इथेच कळतं.

मग 83 आणि 84 च्या ओळी. 83 म्हणजे स्ट्रिंगच्या एका टोकाकडून तुटलेला, 84 दुसऱ्या टोकाकडून, तुम्ही नाणं उडवत होता तेच. आता त्यांची आई बघा. एक नंबर नाही, एक पल्ला असतो, स्ट्रिंगमधला पहिला पार्टॉन ते शेवटचा. हा पायॉन कोणत्या क्वार्कचा, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात, आणि उत्तर इथे लिहिलेलं आहे: हॅड्रॉन सगळ्या स्ट्रिंगचा असतो, एका क्वार्कचा नाही. जेटमधल्या प्रत्येक कणाला एकेका पार्टॉनशी जोडायचा कोड कोणी लिहायला सांगितला तर आधी त्यांना ही ओळ दाखवा.

शेवटी ताळा. टिकलेल्या सगळ्या कणांची एनर्जी 91.2, तिन्ही दिशांचा संवेग शून्य, भार शून्य. नाही आला तर पुढे जाऊ नका.

पहिला खरा आकडा: 21

आता 10,000 इव्हेंट चालवा, लॅपटॉपला फार वेळ लागत नाही. टिकलेले भारित कण मोजा, सरासरी काढा. लेपचं मोजमाप साधारण 20.8 आहे. वाटपाची रुंदी 6 च्या आसपास, म्हणून 10,000 इव्हेंटला सरासरीवरची चूक 0.06, म्हणजे पहिल्या दशांशापर्यंत बोलता येतं.

तुमचा आकडा 19 च्या जवळ आला तर मॉडेलला दोष द्यायच्या आधी बघा, के-शॉर्ट आणि लॅम्डा (थोडं अंतर जाऊन मोडणारे दोन स्ट्रेंज हॅड्रॉन) मोडू दिलेत का. लेपच्या या आकड्यात त्या दोघांच्या डिकेतून आलेले कण धरलेले आहेत. दर इव्हेंटला के-शॉर्ट साधारण एक, तो 69 टक्के वेळा दोन भारित पायॉनमधे मोडतो, म्हणजे 1.4 कण. लॅम्डा आणि त्याचा प्रतिकण मिळून 0.39, ते 64 टक्के वेळा प्रोटॉन आणि पायॉनमधे, म्हणजे 0.5. बेरीज 1.9. एलएचसीवर उलटी रीत आहे, तिथे आयुष्य गुणिले प्रकाशाचा वेग 10 मिलिमीटरपेक्षा जास्त असलेले कण सहसा टिकलेले धरतात, म्हणून एलएचसीच्या कोडमधून उचललेली पार्टिकल-डिकेज गटातली टाऊ मर्यादा लेपच्या रनमधे राहिली की बरोबर 1.9 चा घोटाळा होतो. टिकलेला कण म्हणजे काय याची व्याख्या मोजमापाच्या पेपरात शोधा, आणि ती तुमच्या कोडच्या वर पहिल्याच ओळीत लिहा. माझ्याकडे मदतीला येणाऱ्यांच्या निम्म्या अडचणी इथे सुटतात.

मग कण वेगवेगळे मोजा. दर इव्हेंटला भारित पायॉन 17, भारित केऑन 2.2, प्रोटॉन-प्रतिप्रोटॉन मिळून 1.05, ही लेपची मोजमापं. केऑनला पायॉनने भागलं तर 0.13 येतं, आणि पायथियातलं स्ट्रेंजचं बटण 0.217 आहे. हे जुळत का नाही? कारण बहुतेक पायॉन स्ट्रिंगमधून थेट आलेले नसतात, रो, ओमेगा, ईटा वगैरे मेसॉनच्या (क्वार्क-प्रतिक्वार्कचे हॅड्रॉन; शेवटी येणारा तीन स्ट्रेंज क्वार्कचा ओमेगा वेगळा) डिकेतून येतात आणि भाजक फुगवतात. ऐंशीच्या स्टेटसचे आणि नव्वदीचे पायॉन वेगळे मोजा, स्वतःच दिसेल.

बटणं, आणि कुठल्या क्रमाने

इथे घाई नको. बटणं एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि चुकीच्या क्रमाने फिरवली तर एका ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणी दडपली जाते.

सगळ्यात आधी शॉवर. टाइम-शॉवर गटातलं अल्फा-एस, डिफॉल्ट 0.1365. जगाची सरासरी 0.118 आणि हे इतकं मोठं कसं, असं वाटेल. शॉवर साध्या क्रमाचा आहे, वरच्या क्रमाच्या दुरुस्त्या त्यात नाहीत, त्यांचा बराचसा वाटा हा मोठा आकडा भरून काढतो, म्हणून त्याला मोजलेला स्थिरांक समजू नका. हे बटण थ्रस्ट (इव्हेंट किती लांबुळका आहे त्याचं माप) आणि जेटच्या संख्येशी जुळवायचं, कारण या गोष्टी मऊ (कमी एनर्जीच्या) कणांवर फारशा अवलंबून नसतात. तरी किती अवलंबून आहेत ते बघायला हॅड्रॉन-लेव्हल गट बंद करून तोच रन पुन्हा करा आणि पार्टॉनचा थ्रस्ट हॅड्रॉनच्या शेजारी ठेवा. मग ई-सीएम 35 आणि 200 ला करा. दोघांतलं अंतर एनर्जी वाढेल तसं जवळपास व्यस्त प्रमाणात कमी होत जातं. हॅड्रॉन बनणं जेटच्या मापात किती ढवळाढवळ करतं ते यावरून हाताशी येतं.

मग ए, बी आणि सिग्मा. स्ट्रिंग-झेड गटात ए-लुंड 0.68 आणि बी-लुंड 0.98, स्ट्रिंग-पीटी गटात सिग्मा 0.335. हे आकडे 2013 च्या मोनाश ट्यूनचे (ट्यून म्हणजे बटणांच्या जुळवलेल्या किमतींचा संच), तोच पायथियाचा डिफॉल्ट आहे. ए वाढवला की झेड 1 च्या जवळचे दणकट हॅड्रॉन कमी होतात आणि कणांची संख्या वाढते. बी वाढवला की उलट, बारीक झेड मारले जातात आणि संख्या घटते. म्हणजे दोन्ही एकदम वाढवले तर सरासरी 21 तशीच राहू शकते, आणि नुसत्या 21 कडे बघून तुम्हाला वाटेल काहीच बदललं नाही. म्हणून संख्येबरोबर संवेगाचा स्पेक्ट्रम पाहिजेच, तोही टोकापर्यंत, जिथे एकच कण जेटची 70-80 टक्के एनर्जी घेऊन जातो तिथपर्यंत. एका वेळी एकच बटण, तीन किमती, तीन रंगांच्या रेषा, एक पान. अशी सहा-सात पानं भिंतीला लावा. ऑटोमॅटिक ट्यूनिंगची साधनं आहेत, प्रोफेसर नावाचं आहे आणि चांगलं आहे, पण ही पानं केल्याशिवाय ते वापरणाऱ्याला मिळालेला आकडा चुकीचा आला तरी ओळखता येत नाही.

कणांच्या जातींची बटणं सगळ्यात शेवटी. स्ट्रिंग-फ्लेव्हर गटात स्ट्रेंजचं 0.217, आणि क्वार्कऐवजी दोन क्वार्कची जोडगोळी फुटून बॅरिऑन (तीन क्वार्कचा हॅड्रॉन) बनण्याचं 0.081. स्ट्रेंज वाढवलं की केऑन वाढतात हे उघड आहे, पण पायॉन कमी होतात आणि एकूण संख्याही थोडी हलते, म्हणजे मागे जाऊन ए-बी पुन्हा तपासणं आलं. दोन-तीन फेऱ्या लागतात, वैतागू नका.

मोजमापाशी ताडायला रिव्हेट वापरा. त्यात लेपच्या चारही प्रयोगांची विश्लेषणं कोडमधे बांधलेली आहेत, पायथियातून हेप-एमसी फॉरमॅटमधे इव्हेंट काढायचे, रिव्हेटला द्यायचे, प्रकाशित आकड्यांच्या शेजारी तुमची रेषा येते. स्वतः पेपरातल्या आलेखावरून आकडे उतरवत बसू नका. ॲलेफ आणि डेल्फीची 1996 ची दोन विश्लेषणं पहिल्यांदा घ्या, इव्हेंटचा आकार आणि एका कणाचे स्पेक्ट्रम दोन्ही त्यात आहेत.

दुसरं मॉडेल चालवल्याशिवाय थांबू नका

हर्विग हा इव्हेंट बनवणारा दुसरा प्रोग्रॅम, तो हे वेगळ्या तत्त्वाने करतो. शॉवर संपला की उरलेला प्रत्येक ग्लुऑन जबरदस्तीने क्वार्क-प्रतिक्वार्कमधे फोडतात, मग रंगाने शेजारी असलेले क्वार्क आणि प्रतिक्वार्क मिळून रंगहीन गोळे बनतात, त्यांना क्लस्टर म्हणतात, आणि बहुतेक क्लस्टर दोन हॅड्रॉनमधे मोडतात, कोणत्या दोन ते मुख्यतः फेज-स्पेसची जागा (एनर्जी-संवेगाच्या शक्यता) किती उपलब्ध आहे त्यावरून. याच्या मुळाशी अमाटी आणि वेनेझियानो यांचं 1979 चं काम आहे: क्लस्टरच्या वस्तुमानाचं वाटप टक्करीच्या एनर्जीवर अवलंबून राहत नाही. हर्विगमधे क्लस्टरची वस्तुमानं 35, 91 आणि 200 जीईव्हीला काढून एकावर एक ठेवा, हे डोळ्यांनी दिसतं.

दोन्ही मॉडेल लेपच्या क्वार्क जेटशी चांगली जुळतात, तिथेच तर ती बसवलेली असतात. पण ग्लुऑन जेटमधे दोघांची उत्तरं वेगळी पडतात, कारण लेपला ग्लुऑन जेट थेट मिळत नव्हते. म्हणून क्वार्क जेट आणि ग्लुऑन जेट वेगळे ओळखायचं काही करत असाल, विशेषतः न्यूरल नेटवर्क शिकवत असाल, तर एकावर शिकवून दुसऱ्यावर तपासा. नेटवर्क निसर्ग शिकलंय की पायथियाच्या सवयी शिकलंय ते तिथे कळतं.

मग एलएचसी

आता बीम्समधे 2212 दोन्हीकडे, ई-सीएम 13000, हार्ड-क्यूसीडी चालू. फेज-स्पेस गटात पीटी-हॅट-मिन 100 जीईव्ही द्या, विसरलात तर इव्हेंट येतील भरपूर पण जवळजवळ सगळे कमी आडव्या संवेगाचे, एकही कामाचा जेट नाही. जेट शोधायला फास्टजेट लायब्ररीतला अँटी-केटी अल्गोरिदम, त्रिज्या 0.4. पहिलाच इव्हेंट छापा आणि लेपच्या प्रिंटशेजारी ठेवा. इथे एका टक्करीत अनेक पार्टॉन जोड्या आपटतात, बीमचे उरलेले तुकडे आहेत, आणि त्या सगळ्यांच्या स्ट्रिंग एकमेकांत मिसळतात, म्हणून कलर-रिकनेक्शन नावाची नवी पायरी येते. ती बंद करून आणि चालू करून भारित कणांची संख्या आणि सरासरी आडवा संवेग यांचा एकत्र आलेख काढा, हा फरक मोठा दिसतो.

लेपला बसवलेली बटणं इथे चालतात का, हा आज खुला प्रश्न आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. एलएचसीवरच्या ॲलिस प्रयोगाने 2017 मधे दाखवलं की प्रोटॉन-प्रोटॉन टक्करीत कणांची संख्या जितकी जास्त तितकं स्ट्रेंज कणांचं प्रमाण वाढत जातं, आणि ओमेगासारख्या तीन स्ट्रेंज क्वार्कच्या कणांत ते सगळ्यात जास्त. डिफॉल्ट पायथियात 0.217 हा आकडा गर्दी असो नसो तोच राहतो, म्हणून ती रेषा आडवी जाते. चार्मचंही तसंच, लॅम्डा-सी (चार्मचा बॅरिऑन) आणि डी-शून्य (चार्मचा मेसॉन) यांचं प्रमाण कमी आडव्या संवेगाला लेपच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघालं. यावर दोन उपाय पायथियातच आहेत, जवळजवळच्या स्ट्रिंग मिळून दोरखंड होतो आणि ओढ वाढतो असं धरणारं रोप मॉडेल, आणि तीन स्ट्रिंग एका सांध्यावर जोडून बॅरिऑन वाढवणारं कलर-रिकनेक्शन. आपल्याकडे आयआयटी मुंबई ॲलिसमधे आहे, टीआयएफआर आणि आयसर पुणे एलएचसीच्याच सीएमएस प्रयोगात आहेत, तेव्हा यावर प्रोजेक्ट करायचा तर विचारायला लांब जावं लागत नाही. सुरुवात एका आलेखाने करा: आडव्या अक्षावर भारित कणांची संख्या, उभ्या अक्षावर ओमेगा भागिले पायॉन, तीन रेषा, डिफॉल्ट, रोप, आणि सांध्याचं कलर-रिकनेक्शन. ओमेगा दुर्मिळ आहे, 10,000 इव्हेंटमधे हाताला लागण्यासारखं काही दिसणार नाही, दहा लाखांपासून पुढे चालवा, आणि दर जॉबला सीड वेगळा.